परक्या मांडवात: तुमचे अनुभव लिहा

आपल्या मंडळाचा गणपती, दिवाळीचा फराळ, वर्गणीची भांडणं यावर लिहून झालंय पुष्कळ. हा धागा दुसऱ्यांच्या मांडवाचा. परमुलखात येऊन राहिलेल्या लोकांनी कुणाच्या तरी मदतीसाठी सण मांडला होता आणि तुम्ही आगंतुकासारखे तिथे जाऊन पोचलात, असं झालंय का? माझ्यापासून सुरुवात करते.

जानेवारी 2018, इंग्लंडातलं स्लाउ. इथे पोलिश दुकानं भरपूर. कढीसाठी मी तिथलं केफिर आणते, आपल्या ताकाच्या अगदी जवळचं. त्या रविवारी उरलेली चिल्लर गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकली, तर तिथल्या मुलीने माझ्या कोटावर लाल बदामाचा स्टिकर चिकटवला आणि मागच्या हॉलकडे बोट दाखवलं. दहा मिनिटं डोकावू म्हणून गेले, साडेआठला बाहेर पडले.

आत आंबवलेल्या कोबीचा वास, केकची टेबलं आणि लिलाव. लिलावात काय, तर कुणाच्या तरी आईने घातलेल्या खारवलेल्या काकड्यांची बरणी. चाळीस पौंडांना गेली! घेणाऱ्याने ती परत टेबलावर ठेवली आणि तिचाच पुन्हा लिलाव सुरू. मला वाटलं, बिनसलं काहीतरी. शेजारच्या बाईने समजावलं. यूरेक ओव्शाक नावाच्या माणसाने 1993 मध्ये पोलंडात सुरू केलेली ही मोहीम, वर्षातून एकदा, जानेवारीत. पैशातून इस्पितळांना यंत्रं घेतात आणि त्यांवर हाच लाल बदाम चिकटवतात. तिची मुलगी सातव्या महिन्यात झाली, तिला ठेवलेल्या काचेच्या पेटीवरही तो होता. हे सांगता सांगता तिचा हात बोलीसाठी वर होताच.

बरोबर आठला सगळे पार्किंगमध्ये. पोलंडात तेव्हा या वेळी आतषबाजी व्हायची, तिला ते आकाशाला धाडलेला दिवा म्हणतात. आमच्याकडे फुलबाज्या, त्याही भुरभुर पावसात. माझी विझली तशी एका आजींनी आपली टेकवून पेटवून दिली. मी कुठली विचारलं. पुण्याची म्हटल्यावर म्हणाल्या, "वळिवडे?" मला काहीच कळेना. नुसतीच हसले. ती चुटपुट अजून आहे.

* * *

अहो, वळिवडे आमच्या कोल्हापूरजवळचं! सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेल्या पोलिश लोकांची छावणी होती तिथे, 1943 ते 48. पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका-मुलं. आजींचं लहानपण तिथलंच असणार. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, पुढच्या खेपेला बघून या.

पोलिश गेले आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी येऊन वसले. तेच आजचं गांधीनगर, कापडाची पेठ. माझा अनुभव तिथलाच. ताईच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलो आणि नेमका चेटीचंड, म्हणजे सिंध्यांचं नवीन वर्ष. दुकानं बंद. बाबा गाडीतच धुसफुसायला लागले. एका दुकानदाराने बघितलं आणि त्यांच्या दैवताच्या, झूलेलालच्या मिरवणुकीत ओढूनच नेलं. हातात ताहिरी, म्हणजे त्यांचा गोड भात, सोबत चणे, वर सरबत. पलीकडे रक्तदानाचं शिबिर चालू होतं. बाबांना काय वाटलं कुणास ठाऊक, बाह्या सारून पडले आडवे. दुसऱ्या दिवशी बस्ता त्याच दुकानात, तोही घासाघीस न करता. काल ज्याच्या हातचा भात खाल्ला त्याच्याशी भाव काय करायचा, म्हणे! आई यावरून आजही टोमणे मारते.

* * *

मला नाही जमत हे. लंडनला एकदा असाच गेलो होतो. सगळे आपल्या भाषेत हसत होते, मी कागदी ताटली धरून कोपऱ्यात. दहा पौंड टाकले आणि सटकलो. आमच्या गणपतीला येणारा इंग्रज शेजारी तसाच उभा असायचा हे तेव्हा आठवलं. पुढच्या वर्षी त्याला मोदक वाढायला लावले. दोन आग्रह करायलाही शिकला.

* * *

कॅनडातलं एडमंटन, 2022 चा वसंत. युद्ध नुकतंच पेटलेलं. युक्रेनियन लोक इथल्या अल्बर्टा प्रांतात सव्वाशे वर्षांपासून आहेत, त्यांच्या चर्चच्या तळघरात मदतीसाठी वारेनिकी विकत होते. बटाट्याचं सारण, मैद्याची पारी, दिसायला थेट करंजी. रांगेत उभी होते, कुणीतरी विचारलं, "हात धुतेस का?" धुतले. मग काय, पारी हातात आल्यावर बोटं ऐकेनात, मी मुरड घालायला लागले. चार आज्या गोळा झाल्या, कौतुक झालं, एकीने फोटो काढला. मग सगळ्यांत म्हाताऱ्या आजींनी माझी बोटं धरली आणि नुसती कड दाबून दाखवली: अशी. मुरडीत वेळ जातो, बाहेर रांग आहे.

माझ्या मुरडीच्या बारा त्यांनी वेगळ्या बांधून मलाच दिल्या. पैसे पूर्ण घेतले.

* * *

धागाकर्ती: कोल्हापूरकर, आभार. हॉल अजून आहे. आजी असतील का, कोण जाणे. येत्या जानेवारीत महावीर उद्यानातल्या स्तंभाचा फोटो घेऊन जाते. कुणी पाठवाल का?