लांगेच्या डोंगरगावांत चार रात्री : गाडी, मुक्काम आणि शाकाहारी जेवण

तांबडीमाती

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तोरिनोहून (ट्युरिन) लांगेत, म्हणजे वायव्य इटलीतल्या वाईनच्या टेकड्यांत, जाणार आहोत, चार रात्री. चौघे आहोत. आईबाबा सत्तरीचे, चढउताराला जपणारे, पूर्ण शाकाहारी (अंडं चालतं). बारोलो, ला मोर्रा, सेर्रालुंगा आणि बार्बारेस्को ही गावं पक्की. मोन्फोर्ते, नेइवे, ग्रिन्झाने कावूर जमली तर. रोज तीन वायनरी धरल्या आहेत. मुक्काम आल्बा शहरात करावा की एखाद्या गावात? गाडी स्वतः चालवली तर टेस्टिंगचं कसं जमवतात? आणि शाकाहारी माणसाला तिथे नीट जेवायला मिळतं का?

घाटवळण

गाडीचं आधी ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दर लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. आता हिशोब बघा. एका टेस्टिंगला पाच वाईन, प्रत्येकी ४० मिली म्हटलं तरी २०० मिली झाले. बारोलो (गावाच्याच नावाची इथली लाल वाईन) १४ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे साधारण २२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६० किलोच्या माणसाची मर्यादा पहिल्याच ठिकाणी संपली. रोज तीन वायनरी आणि स्वतः गाडी, हे गणित बसत नाही.

दोनच मार्ग आहेत. एक, चालवणाऱ्याने त्या दिवशी प्यायचंच नाही, किंवा प्रत्येक घोट तोंडात घोळवून पिकदाणीत टाकायचा. पिकदाणी टेबलावर ठेवलेलीच असते आणि तिथले वाईनवालेही तसंच करतात, त्यामुळे संकोच नको. दोन, टेस्टिंगच्या दिवसांपुरता ड्रायव्हरसकट गाडी ठरवायची. गावांत टॅक्सी रस्त्यावर मिळत नाही, आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. तोरिनोहून ब्रामार्गे आल्बापर्यंत लोकल ट्रेन आहे, पण आल्बाहून वर डोंगरात जाणाऱ्या बस मोजक्या असतात आणि रविवारी त्यांच्या भरवशावर राहू नये.

स्वतः चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, अर्ज ४-ए, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत हवं. डिपॉझिटसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्डावर काउंटरवर अडतात. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, तेव्हा बुकिंग लवकर करा आणि गाडी लहानच घ्या. गावांतल्या गल्ल्यांत मोठ्या गाडीचे आरसे भिंतीला घासतात. या दिवसांत द्राक्षांच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, चाकांची माती वळणावर सांडते आणि पाऊस झाला की ती साबणासारखी निसरडी होते. सकाळी दरीत धुकं असतं. आपल्या उलट बाजूने चालवायची सवय नसेल तर पहिला अर्धा दिवस कुठलंही बुकिंग ठेवू नका.

पार्किंगचं सोपं आहे: निळ्या रेघा पैसे भरून, पांढऱ्या फुकट (पाटीवर घड्याळाचं चित्र असेल तर काचेमागे वेळेची तबकडी लावायची), पिवळ्या राखीव. सगळ्यात महाग चूक म्हणजे 'झेडटीएल', म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेला भाग. लाल कडं असलेली पांढरी गोल पाटी आणि वर कॅमेरा दिसला की आत शिरू नका. आल्बाच्या जुन्या भागात हे आहे. दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि भाड्याची कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे कापते. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा, ते नोंदवून घेतात.

पानफुटी

मुक्काम: गाडी नसेल तर आल्बाच. स्टेशन आहे, सपाट आहे, जेवायला पर्याय आहेत. गाडी असेल तर ला मोर्रा. संध्याकाळी जेवायला चालत जाता येईल अशाच घरात उतरा, नाहीतर रात्री काळोखात घाट चालवावा लागतो. मोन्फोर्तेचा जुना भाग सुंदर आहे, पण दगडी फरसबंदीची सरळ चढण आहे, गुडघ्यांना जड जाईल.

गावं कमी करा. बारोलो वाईनच्या हद्दीत एकूण ११ गावं येतात, ती उरकायची यादी नव्हे. दिवसाला दोन वायनरी पुरे, एक अकराला, एक साडेतीनला. प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास जातो.

एक दिवस मात्र ला मोर्रा आणि सेर्रालुंगा मुद्दाम जोडीने करा. द्राक्ष एकच, नेब्बिओलो, पण माती वेगळी. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलोकडे निळसर करडी चिकणमाती आहे, तिथली वाईन लवकर मऊ होते. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेकडची माती जुनी, वाळूच्या दगडाचे थर असलेली. तिथली वाईन जास्त तुरट आणि वर्षानुवर्षं टिकणारी. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. रंग फिका, कडेला विटकरी. बघून वाटतं हलकी असेल, आणि घोट घेतला की कच्ची सुपारी चावल्यासारखी हिरड्या आवळतात. हा फरक एकाच दिवशी पाठोपाठ चाखला तरच लक्षात राहतो. बारोलोला किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात, त्यामुळे पुढ्यात येणारी बाटली निदान चार सुगींमागची असते.

ला मोर्रा ५१३ मीटरवर आहे. चौकातल्या सज्जातून बहुतेक सगळी गावं ओळखता येतात, म्हणून पहिल्या सकाळी तिथेच जा. बारोलो गाव खाली, वाटीत बसल्यासारखं. किल्ल्यात वाईनचं संग्रहालय आहे. आत जिने आहेत, आईबाबांना विचारून घ्या. ग्रिन्झानेच्या किल्ल्याला अर्धा दिवस द्या. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार कावूर तरुणपणी याच गावचा मेयर होता.

बार्बारेस्को-नेइवे हा वेगळा दिवस. बार्बारेस्कोत जुन्या चर्चमध्ये सरकारमान्य वाईनघर आहे, तिथे वेगवेगळ्या उत्पादकांच्या वाईन एका छताखाली ग्लासाने मिळतात. जवळच १९५८ साली गावच्या पाद्र्याने छोट्या शेतकऱ्यांना एकत्र आणून काढलेली सहकारी वायनरी आहे. साखर कारखाने आणि दूध संघ जवळून पाहिलेल्या आपल्या माणसाला तिथे विचारायला खूप काही सुचेल.

बुकिंग महिनाभर आधी ईमेलने करा. तुमचा आठवडा नेब्बिओलोच्या तोडणीच्या ऐन तोंडावर येतो, घरगुती वायनरी तेव्हा पाहुणे घेत नाहीत किंवा घाईत आटोपतात. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका, गावाच्या सामाईक वाईनघरात जा. रविवारी बरीच दारं बंद असतात.

मीठभाकर

शाकाहाराबद्दल सविस्तर लिहिते, कारण फसगत इथेच होते.

'आन्योलोत्ती देल प्लिन' हे चिमटीने मिटलेले छोटे पास्ते मेन्यूवर 'लोणी आणि सेज' (एक सुगंधी पाला) असे लिहिलेले असतात. लोणी-सेज फक्त वरचं, आत मांसाचं सारण असतं. रिसोत्तो (मऊ भात) भाज्यांचा असला तरी शिजवलेला मांसाच्या पाण्यात असू शकतो. 'बान्या काउदा' ही भाज्या बुडवून खायची लसणाची गरम चटणी दिसायला निर्धोक, पण तिचा अर्धा जीव खारवलेल्या माशांत आहे. भाजलेल्या ढोबळी मिरचीवरही हेच मासे घालतात. पन्ना कोत्ता या सायीच्या गोडात जिलेटिन असतं, तेही प्राणिज. आणि चीज बहुतेक प्राणिज रेनेटचं (दूध साकळवायला वासराच्या पोटातून काढलेलं विरजण). त्याला हरकत असेल तर पर्याय फार आक्रसतात, आधीच ठरवून जा.

आता बिनघोर खायचं. 'तायारीन' म्हणजे अंड्याच्या बलकातल्या केसासारख्या बारीक शेवया, त्या 'बुर्रो ए साल्व्या' (लोणी आणि सेज) म्हणून मागा. कास्तेलमान्यो चीजमधले न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे). भाज्यांचा 'स्फोर्मातो', अंडं-दुधात थापून भाजलेला, वर चीजची पातळ रस्सेदार फोंदुता. गोडात हेझलनटचा केक. ते हेझलनट याच टेकड्यांवरचं. फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने' (मांस नको, मासा नको, मांसाचं पाणी नको). नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासा आणि मांसाचं पाणी राहून जातं.

वेळा कडक आहेत. दुपारचं जेवण साडेबारा ते दोन, रात्रीचं साडेसातनंतर. तीनला पोचलात तर कॉफी आणि बिस्किटं, एवढंच मिळेल. आईबाबांना सातला जेवायची सवय असेल तर ब्रेड, चीज, टोमॅटो जवळ ठेवा. मंगळवार-बुधवारी पुष्कळ खानावळी बंद असतात.

तांबडीमाती

सगळ्यांचे आभार. दिवसाला दोन वायनरी, मधल्या दोन दिवसांसाठी ड्रायव्हर, मुक्काम आल्बा. पांढरा ट्रफल आईबाबांना चालेल ना? आणि बाटल्या किती आणता येतात?

मीठभाकर

चालेल, तो मातीखाली वाढणारा अळंबीचाच प्रकार. शिजवत नाहीत, गरम तायारीनवर किंवा तळलेल्या अंड्यावर कच्चाच किसतात. भाव ग्रॅमवर असतो. किसण्याआधी ट्रफल वजनकाट्यावर ठेवायला सांगा, नंतर परत ठेवतात, फरकाचे पैसे द्यायचे. एका ताटाला ८ ते १० ग्रॅम पुरतात. वास घ्या: लसूण, मध आणि ओल्या मातीचा एकत्र यायला हवा, अमोनियासारखा आला तर तो शिळा. 'ट्रफल तेल' घेऊ नका, त्यातला वास बहुतेक वेळा प्रयोगशाळेतला असतो. आल्बातली ट्रफल जत्रा शनिवार-रविवारी भरते, तेव्हा शहरात खोल्या महाग आणि पार्किंग दुर्मीळ, त्यामुळे तुमच्या चार रात्री सोमवार ते शुक्रवार बसवा.

घाटवळण

भारतात माणशी २ लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरीने २.२५ होतात आणि वरच्यावर शुल्क लागतं. चौघांच्या मिळून आठ. हँडबॅगेत चालणार नाहीत. मोज्यात घालून, मग कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको. कुरिअरने मागवण्याचा मोह टाळा, शुल्क जबर पडतं. घरी आल्यावर दोनेक आठवडे आडव्या, अंधारात ठेवा आणि मगच उघडा.