कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या, नक्की संबंध काय?

जिज्ञासू: कॅन्सरच्या पेशंटला पायात गुठळी होते हे ऐकून होते, पण आता वाचलं की रक्त गोठणं कॅन्सरला पसरायलाही मदत करतं. मग रक्त पातळ करणारं औषध देऊन कॅन्सरच रोखता येईल का? सोपं करून सांगा कुणीतरी

लॅबकर: संबंध जुनाच आहे हो, फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी 1865 मध्येच मांडलेला, आणि पुढे त्यांना स्वतःला गुठळी झाली तेव्हा त्यांनीच ओळखलं की आपल्याला कॅन्सर असणार, 1867 मध्ये गेले बिचारे. होतं असं की बऱ्याच ट्यूमर पेशींवर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रोटीन असतं, त्यातून थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं एन्झाइम तयार होतं, प्लेटलेट्स येऊन चिकटतात, आणि रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशीभोवती त्यांचं चिलखत झालं की शरीराच्या संरक्षक नॅचरल किलर पेशींना ती सहज सापडत नाही. वर केमोनेही गुठळीची रिस्क वाढतेच.

निशाचर: रोखण्याचं म्हणाल तर उंदरांवर हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाने मेटास्टेसिस, म्हणजे कॅन्सरचं पसरणं, कमी झालं, माणसांच्या मोठ्या ट्रायल्समध्ये मात्र आयुष्य वाढलं असं काही ठाम निघालं नाही. गुठळीवरचा उपचार हा वेगळा विषय, तिथे अ‍ॅग्नेस ली यांची 2003 ची क्लॉट ट्रायल बघा. सहा महिन्यांत परत गुठळी होण्याचं प्रमाण वॉर्फरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर 17 टक्के, डाल्टेपॅरिन या हेपॅरिनच्याच प्रकारच्या इंजेक्शनवर 9.

जिज्ञासू: बापरे, म्हणजे रोज इंजेक्शन?

लॅबकर: आता एपिक्सॅबनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आहेत की. फक्त पोटा-आतड्याच्या कॅन्सरमध्ये यातल्या काही गोळ्यांनी ब्लीडिंग जास्त होतं, म्हणून ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय चालू-बंद करू नका.