स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर घरच्या जेवणातून पथ्य कसे सांभाळावे?

चिकोडीची गृहिणी

नमस्कार. माझ्या यजमानांची वजन कमी करण्यासाठीची स्लीव्ह शस्त्रक्रिया बेळगावात झाली, त्याला आता तीन आठवडे होत आले आहेत. त्यांचे वय ४६ असून मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही विकार होते. शस्त्रक्रियेनंतर साखर बरीच खाली आल्यामुळे डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवले आहे. जखमा भरल्या आहेत, ताप नाही आणि सकाळ-संध्याकाळ अंगणात फिरणे चालू आहे. माझी अडचण स्वयंपाकाची आहे. आहारपत्रकात ओट्स, टोफू, ब्रोकोलीचे सूप असे पदार्थ लिहिले आहेत. आमच्या घरी मात्र ज्वारी, नाचणी, तूर, हुलगे, अंडी आणि म्हशीचे दूध असते, आणि रोजचे पथ्य यातूनच निभावायचे आहे. आता घोटलेल्या अन्नाचा टप्पा सुरू झाला आहे, तर यांतले काय द्यावे आणि किती द्यावे?

सासूबाईंना वाटते, की भाकरी पोटात गेल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही. मुलगा डोळ्यांसमोर उतरताना पाहून त्यांचा जीव कासावीस होतो आणि त्यांना समजावणे मला जड जाते. भेटायला येणारे पाहुणे कुंदा नाहीतर गोकाकचा करदंट घेऊन येतात. कुंदा मऊच असतो, मग चमचाभर का चालू नये, असे यजमान विचारतात. प्रथिनांची पावडर त्यांना वासानेच नको होते. कारखान्याचा हंगाम तोंडावर आला असल्याने कामावर कधी जाता येईल, हाही प्रश्न आहे. त्यांचे काम कार्यालयातले आहे. ज्यांनी हे अनुभवले आहे किंवा ज्यांना यातले कळते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शहापूरकर

वहिनी, माझी वजन कमी करण्यासाठीचीच, पण बायपास पद्धतीची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे झाली आहेत. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात, तर बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे आम्हा दोघांचे सगळे पथ्य अगदी सारखे नसले, तरी सुरुवातीचे महिने पुष्कळसे एकसारखेच जातात.

पहिली सवय लावायची ती पाणी आणि जेवण वेगळे ठेवण्याची. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या असतोच आणि घासागणिक घोट घेतला जातो. आता जेवणाआधी आणि जेवणानंतर साधारण अर्धा तास पाणी नको. उरलेल्या वेळात मात्र दिवसभर घोट घोट करून दीड लिटरपर्यंत पाणी गेले पाहिजे, कारण सुरुवातीच्या काळात रुग्ण पुन्हा रुग्णालयात जाण्याचे एक नेहमीचे कारण शरीरातले पाणी कमी होणे हे असते. मी पाण्याची बाटली कायम हाताशी ठेवत असे. तहान लागण्याची वाट पाहू नये.

जेवायला लहान वाटी आणि लहान चमचा घ्यावा. एक घास गिळून झाल्यावर थोडे थांबावे, आणि छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखे वाटले, की वाटीत कितीही उरले असले तरी खाणे थांबवावे. अन्न टाकू नये हा आपल्या घरांतला संस्कार चांगलाच आहे, म्हणून तर मुळात कमी वाढून घ्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ‘आणखी एक घास’ म्हणून आग्रह करू नये.

सासूबाईंविषयी सुचवते, की भाकरीऐवजी हुलग्याचे माडगे, म्हणजे पातळ कढण, करण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. आपल्या हातचे काही मुलाच्या पोटात जाते आहे हे त्यांना दिसले, की त्यांची अर्धी काळजी तिथेच कमी होईल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागण्याची शक्यता असते. वेगाने वजन उतरल्यावर असे होते आणि प्रथिने, लोह, झिंक यांची पूर्तता होत राहिली, तर बहुतेकांचे केस काही महिन्यांनी पुन्हा येतात. तेव्हा घरात घबराट होऊ देऊ नये.

आहारतज्ज्ञ, बेळगाव

ताई, आपल्या शल्यविशारदांनी दिलेले वेळापत्रक अंतिम समजावे. सामान्यपणे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, त्यानंतर दोन आठवडे घोटलेले, मग दोन आठवडे मऊ आणि दीड-दोन महिन्यांनंतर हळूहळू नेहमीचे जेवण असा क्रम असतो. जठरावरची टाक्यांची लांब रेष भरून यायला वेळ लागतो आणि त्या काळात तिच्यावर ताण येऊ नये, हा या क्रमाचा हेतू आहे. म्हणूनच रुग्णाला बरे वाटते म्हणून टप्पा ओलांडू नये.

आता आपल्या घरातल्या धान्यांकडे येते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. आपल्याकडे आजारी माणसाला वरणाच्या वरचे पाणी किंवा आमटीचा कट देतात, परंतु त्या पाण्यात प्रथिने फारच थोडी असतात. ती खाली बसलेल्या डाळीत असतात. म्हणून तुरीची किंवा मुगाची डाळ पूर्ण शिजवून, घोटून, गाळणीतून काढून दाटसर द्यावी. हुलगे भिजवून, मोड आणून, मऊ शिजवावेत आणि सालांसाठी गाळून घ्यावेत. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा हुलग्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण शिजताना पाणी शोषले जाऊन पदार्थ फुगतो आणि या टप्प्यावर एका वेळी पाव ते अर्धी वाटीच खाल्ली जाते, त्यामुळे फक्त डाळीवर हिशेब पुरा होत नाही.

एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. मऊ उकडून, दह्यात किंवा डाळीत कुस्करून ते या टप्प्यात चालते. म्हशीचे दूध साय पूर्णपणे काढून वापरावे आणि त्याचेच दही लावून फडक्यात बांधून ठेवावे. पाणी निथळलेला चक्का पत्रकातल्या ग्रीक योगर्टच्या जागी उत्तम, आणि टोफूच्या जागी ताजे, मऊ, घोटलेले पनीर चालेल. नाचणीच्या आंबिलीत कॅल्शियम भरपूर असते, परंतु शंभर ग्रॅम नाचणीत प्रथिने सुमारे ७ ग्रॅमच असतात. म्हणून आंबील जेवणाच्या जागी न देता अधूनमधून द्यावी आणि नेहमी आधी प्रथिनांचा पदार्थ संपवून मग बाकीचे द्यावे.

पावडर सध्या पूर्ण सोडता येणार नाही. बिनवासाची, बिनगोडीची पावडर मिळते. ती कोमट डाळीत किंवा पातळ ताकात मिसळली, तर वास जाणवत नाही. उकळत्या पदार्थात घातल्यास तिच्या गुठळ्या होतात.

ज्वारीच्या भाकरीला घाई नको. ती कोरडी असते, नीट चावली गेली नाही तर अडकते. मऊ टप्पा पार पडल्यावर पापुद्र्याचा भाग काढून आतला मऊ भाग आमटीत कुस्करून सुरू करावा आणि तोही वाटीतले वरण-अंडे खाऊन झाल्यावर. भात पुष्कळांना पहिले काही महिने जड जातो, पोटात फुगल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा पातळ उप्पीट लवकर सोसते.

कुंद्याबद्दल यजमानांना स्पष्ट सांगावे, की मऊपणा हा एकच निकष नाही. साखर आणि खवा दोन्ही एकवटलेले असल्यामुळे चमचाभर कुंद्यातही उष्मांक पुष्कळ जातात, आणि लहान झालेल्या जठरातून साखर झपाट्याने आतड्यात उतरली, तर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. बायपासनंतर हा त्रास अधिक दिसतो, पण स्लीव्हनंतरही होतो. उसाचा रस आणि गुळाचे पाणी यांनाही हेच लागू आहे. करदंटातला डिंक आणि सुका मेवा तर या टप्प्यात अजिबात नको.

औषधवाले, निपाणी

दोन वरिष्ठ भगिनींनी आहाराविषयी उत्तम लिहिले आहे, मी औषधांपुरते लिहितो. अंगदुखीसाठी दुकानातून सर्रास नेल्या जाणाऱ्या गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक असते. अशा गोळ्यांनी जठराला व्रण होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. दुकानदाराला शस्त्रक्रिया झाल्याचे आवर्जून सांगावे. बहुतेक वेळा नुसते पॅरासिटामॉल पुरते.

कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातले घ्यावे, कारण ते शोषले जायला जठरातल्या आम्लाची फारशी गरज लागत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर हवे आणि लोहाच्या आसपास चहा नको. जठर लहान झाल्यावर बी १२ शोषण्यासाठी लागणारा घटकही कमी तयार होतो, आणि शाकाहारी घरांत बी १२ मुळातच कमी असते. म्हणून या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. बरे वाटू लागले म्हणून त्या बंद केल्यास कमतरता सावकाश वाढत जाते आणि लक्षात येईपर्यंत हातापायांच्या नसांवर परिणाम झालेला असू शकतो. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता असल्याने त्यासाठी गोळी लिहून दिली असेल, तर तीही मध्येच सोडू नये.

आमच्या निपाणी भागात तंबाखूची सवय घरोघरी आहे, म्हणून हेही लिहितो. विडी असो वा चुन्याबरोबरची तंबाखू, या शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णपणे बंदच हवी.

चिकोडीची गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना माडग्याचे सांगितले, त्यांनी लगेच हुलगे भिजत घातले. एक विचारायचे राहिले. काल यजमानांना दोनदा उलटी झाली. घाईने खाल्ल्यामुळे असावी असे ते म्हणतात. अशा वेळी किती वाट पाहावी?

आहारतज्ज्ञ, बेळगाव

घाईने किंवा जास्त खाल्ल्यावर एखादी उलटी होते आणि पुढच्या वेळी कमी व सावकाश खाल्ल्यास थांबते. मात्र घोटलेले अन्न किंवा पाणीही टिकत नसेल आणि असे दिवसभर चालले, तर थांबू नये, त्याच दिवशी शल्यविशारदांना फोन करावा. सतत उलट्या झाल्यास शरीरातले थायमिन (बी १ जीवनसत्त्व) झपाट्याने संपते आणि त्याचा परिणाम मेंदूवर होऊ शकतो. चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती वेदना, आडवे असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर, दम लागणे किंवा एका पोटरीला सूज यांपैकी काहीही दिसले, तर रात्र असली तरी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात न्यावे. चिकोडीहून बेळगावला पोहोचायला वेळ लागतो, म्हणून वाहनाची सोय आणि रुग्णालयाचा क्रमांक आधीच ठरवून ठेवावा.

रक्तदाबाच्या गोळ्यांचेही डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत विचारून घ्यावे. वजन उतरत असताना जुनी मात्रा जास्त होऊन उभे राहताना चक्कर येऊ शकते. कामाचे म्हणाल, तर बैठे काम सहसा दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते, पण ओझे उचलणे किमान सहा आठवडे टाळावे. कारखान्यात जेवणाची सुटी एकदाच मिळत असेल, तर डबा दोन-तीन लहान भागांत बांधून द्यावा आणि दर दोन-अडीच तासांनी खाण्याची परवानगी वरिष्ठांकडून आधी घ्यावी.