मदत हवी आहे : पित्त असलेल्या व्यक्तीच्या जेवणात लिंबू कसे वापरावे?

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. माझ्या सासूबाईंची भूक गेले दोन महिने मंदावली आहे, म्हणून मी त्यांना जेवणाआधी आल्याचा तुकडा, लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर सैंधव देऊ लागले. भूक खरोखरच सुधारली, परंतु आठवड्याभरात दुपारी छातीत जळजळ होऊ लागली.

आयुर्वेदात आम्ल रस (आंबट चव) अग्नी म्हणजे पचनशक्ती प्रदीप्त करणारा, वात शमवणारा, मात्र पित्त वाढवणारा मानला आहे, हे मला ठाऊक आहे. आवळा आंबट असूनही शीतवीर्य (थंड गुणाचा) असल्याने पित्त शमवतो, हेही वाचले आहे. मग भूक टिकावी आणि जळजळ थांबावी यासाठी लिंबाचे प्रमाण कमी करावे, ते वरणभातावरच पिळावे, की आवळ्याकडेच वळावे?

लिंबू मी नेहमी गॅस बंद केल्यावरच पिळते, कारण उष्णतेने त्यातील क जीवनसत्त्व नष्ट होते. घरातल्या जुन्या पितळी पातेल्याची कल्हई गेल्यामुळे त्यात आंबट काहीही करत नाही, आणि ही काळजी सर्वांनीच घ्यावी असे मला मनापासून वाटते. मुरलेले गोड लिंबाचे लोणचे त्यांना फार आवडते, पण त्यातील मिठामुळे द्यायला मन धजत नाही.

त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. जळजळ सुरू झाल्यापासून लिंबू बंद ठेवले असून याच आठवड्यात वैद्यांकडे जाणार आहोत. तोवर ज्यांनी घरात असा पथ्याचा स्वयंपाक केला आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.