अबोला सुटला की सोडला?

प्रश्न : एका कथेचा अनुवाद करतोय. वडिलांच्या पश्चात तीन भावंडं कैक वर्षांनी जुन्या घरी येतात आणि त्यांचं पुन्हा जुळतं. ‘दिलजमाई’ लिहू की ‘समेट’? घराला ‘वडिलोपार्जित’ म्हटलं तर चालेल ना?

उत्तर : मी दोन्ही टाळेन. समेट संपात होतो, कोर्टाबाहेर होतो. त्याला दोन पक्ष लागतात. दिलजमाई त्यातल्या त्यात जवळची, पण ती बहुधा तिसऱ्याने मधे पडून घडवून आणलेली असते. (‘मनोमिलना’चा तर राजकीय बातम्यांनी पार चोथा केलाय.) घरात आपण म्हणतो, ‘मिटलं एकदाचं’, ‘अबोला सुटला’.

आणि खरी गंमत इथेच आहे. अबोला धरतात, सोडतात, तो सुटतोही. ‘ताईने अबोला सोडला’ म्हटलं की ताई नमली हे जाहीर झालं. ‘अबोला सुटला’ म्हटलं की कोण नमलं ते गुलदस्त्यात. ‘मिटवलं’ आणि ‘मिटलं’ यांतही तोच फरक. समजा, दाराचं गंजलेलं कुलूप उघडत नाहीये आणि पायरीवर पाठमोरा बसलेला धाकटा म्हणतो, ‘किल्ली जरा बाहेर ओढून फिरव.’ माफी कोणी मागितली नाही, पण अबोला सुटला. इथे ‘सोडला’ लिहिलंत तर धाकट्याच्या पाठमोरं बसण्यावर पाणी पडेल.

‘भाऊबंदकी’ही जपून वापरा. ‘भाऊबंद’, ‘भावकी’ म्हणजे नुसतं गोत. ‘भाऊबंदकी’त मात्र वाटणीचा वास येतो. आजारपणात आईकडे कोणी पाहिलं नाही यावरून झालेलं दुखणं म्हणजे भाऊबंदकी नव्हे. ते वितुष्ट, किंवा नुसतं ‘बिनसलं’.

‘वडिलोपार्जित’ बोलण्यात सर्रास चालतं. पण कायद्याच्या भाषेत वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर ही त्यांची स्वकष्टार्जित मिळकत. ‘वडिलोपार्जित’ म्हटलं की जन्मतः हक्क आला, आणि हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो मुलींनाही आहे. कथेत वकील असेल तर हे सांभाळा.

प्रश्नकर्ता : घर वडिलांनीच बांधलंय. मग साधं ‘वडिलांचं घर’ करतो. पण एक अडचण आहे. मूळ कथेत थोरली बहीण ठरवून, सगळ्यांसमोर आधी बोलते.

उत्तर : मग ‘सोडला’च लिहा.