बटण दाबूनही कोन कळतो

गोल्फच्या व्हिडिओ गेमबद्दल कुणीतरी म्हटलं, 'वेळेवर बटण सोडायचं, यात मैदानाची रचना कुठे कळते?' हा मुद्दा फटक्यापुरता एकदम मान्य. सोफ्यावर बसून कुणाचा स्विंग, म्हणजे काठी फिरवायची ढब, सुधारत नाही. पण रचनेबाबत माझा अनुभव उलटा आहे. ईए कंपनीच्या २०२३ च्या 'पीजीए टूर' या गेममध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान आहे. त्यातलं सतरावं होल (सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा), म्हणजे रोड होल, मी आठवडाभर डावीकडूनच खेळत होतो. उजवीकडे हॉटेल, चेंडू हद्दीबाहेर जायची भीती. डावीकडे मोकळं रान. शहाणा माणूस डावीकडेच मारणार ना! मग दुसऱ्या फटक्याला कळतं आपण कुठे अडकलो ते. ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) तिरकं आणि अरुंद, त्याच्या पोटात घुसलेला खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, नेमका वाटेत, आणि तो टाळायला जरा जोर लावला की चेंडू थेट मागच्या रस्त्यावर. शेवटी वैतागून एकदा उजवीकडे, हॉटेलकडच्या शेडच्या डोक्यावरून मारला, तर तेच ग्रीन लांबीनं समोर आलं. टीव्हीवर ओपन (ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा) इतक्यांदा पाहूनही हे डोक्यात शिरलं नव्हतं, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो, कोन दाखवत नाही.

बाय द वे, १९७८ च्या ओपनमध्ये जपानी गोल्फपटू नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर पोचला होता. तिथून त्याचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, घरंगळत बंकरात गेला आणि होल संपलं ९ फटक्यांवर. माझा पटही तसाच गेला, फक्त मला रिस्टार्टचं बटण होतं.