टोमॅटोचं बूड काळं पडतंय

कुंडीतल्या टोमॅटोच्या फळाचं बूड, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोक, काळं पडतंय, काय करू, असं विचारलं की उत्तर मिळतं: कॅल्शियम कमी पडतंय, अंड्याची टरफलं घाला. फळाला कॅल्शियम कमी पडल्यामुळे हे होतं, ते बरोबर. पण टरफलांचं काही पटत नाही. ती मातीत मिसळायला महिनोन्‌महिने लागतात, आणि आपल्या सांगलीकडच्या काळ्या मातीत बहुतेक ठिकाणी चुनखडी, म्हणजे कॅल्शियमच, मुळातच भरपूर. कॅल्शियम झाडात चढतं ते पाण्याबरोबर. दोन दिवस कुंडी कोरडी आणि तिसऱ्या दिवशी बदाबदा पाणी, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत ते पोचतच नाही.

कुंडीत काळी माती असेल तर आणखी एक बघा. वाळली की ती आक्रसते आणि कडेनं काडी जाईल एवढी फट पडते. ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकातून बाहेर, मधला मातीचा गड्डा कोरडा ठणठणीत. आमच्या मिरजेच्या गच्चीवर उन्हाळ्यात हमखास हेच होतं. आधी खुरप्यानं फट बुजवा, पाणी थोडं थोडं करून दोनदा द्या, वर उसाच्या पाचटाचा, म्हणजे वाळक्या पानांचा, जाडसर थर टाका (शेतकऱ्यानं पेटवून द्यायच्या आत गाठलंत तर फुकट मिळतं). युरिया तूर्त बंद; त्यानं नुसता पाला माजतो. काळी पडलेली फळं मात्र सुधारत नाहीत, तोडून टाका.